आकडा काकाच्या मोबाइलवर येतो

...नाही, मला एक सांगा, फोन उचलायला कधी पासवर्ड लागतो का? फोन वाजतो, माणूस उचलतो, हॅलो म्हणतो, पलीकडचा शिव्या घालतो, संपला विषय. पण आमच्याकडे तसं नाही. आमचा फोन आता कॉम्प्युटरमध्ये राहायला गेलाय, नि त्याला भेटायला गेलं की तो आधी दारातच अडवतो नि म्हणतो, 'साइन इन करण्याची पद्धत निवडा.' पद्धत निवडा म्हणे. अरे, फोन उचलायला आलोय मी, चपला घ्यायला आलोय का?

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आमचा म्हणजे बाबांचा नि काकाचा. मी नुसता खुर्ची गरम करतो, कारण शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत व्हायचंय. ऑफिस म्हणजे एकच खोली होती, तिच्यात मधोमध प्लायवूड ठोकून दोन केल्यात, दोन दारं, बाहेर एकच बोळ. अलीकडे बाबा, पलीकडे काका. आणि ते प्लायवूड इतकं पातळ की पलीकडे काकाने चहा फुंकला तरी अलीकडे बाबांचा गार होतो. दारावर पाटी आहे, तिच्यावर आजोबांचं आडनाव नि पुढे मोठ्या अक्षरात 'आणि बंधू'. हे बंधू लक्षात ठेवा, त्यांचीच सगळी भानगड आहे.

तर हा कॉम्प्युटरमधला फोन आणला काकाने. आधीचा टेबलावरचा फोन बरा होता हो, पडला तरी वाजायचा. पण काकाला नवीन गोष्टींचं वेड. आणि मी काकाचा चेला. लिफ्टच्या आरशावर मिशा काढायच्या, वॉचमनच्या खुर्चीखाली भोंगा बांधायचा, हे सगळं शिक्षण मला काकाकडूनच मिळालंय. शाळेला उगाच नावं ठेवतात, माझं शिक्षण पूर्ण झालंय. तर काकाने बाबांना समजावलं, "दादा, तू ऐक माझं. नंबर तोच राहणार, फक्त कॉम्प्युटरवर वाजणार, कोण बोलतंय ते दिसणार, नोंद राहणार." बाबा म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं, तू म्हणतोस ना, घे." मग विकणारा माणूस आला, टाय लावून. त्याने विचारलं, "किती जणांसाठी खातं करू?" काका म्हणाला, "एक." तो म्हणाला, "पण तुम्ही तर दोघे आहात." काका हसला नि म्हणाला, "दोघे असलो म्हणून काय झालं, आम्ही काय वेगळे आहोत का?"

हसू नका. तेव्हा खरंच तसं होतं.

मग त्या टायवाल्याने विचारलं, मोबाइल नंबर कुणाचा घालू? बाबांचा मोबाइल बटणांचा, त्यावर मेसेज आला की बाबा तो न वाचता पुसून टाकतात, त्यांच्या मते मेसेज म्हणजे जाहिरात. म्हणून नंबर घातला काकाचा. मेलचा पत्ता बाबांच्या नावाचा, पण तो काढला काकाने, त्याची किल्ली काकाकडे. म्हणजे बघा, बसणार बाबा, उचलणार बाबा, नि दार उघडायचं काकाने. त्या वेळी कुणाला काय वाटणार? एकाच ऑफिसात तर बसतात. दार कुणी का उघडेना.

आणि मग ती उंच इमारत झाली. झाली म्हणजे बांधून कधीच झाली होती, तिथली लिफ्ट अडकली. दोन मजल्यांच्या मध्ये, आत एक बाई, बाईच्या कडेवर कुत्रं, नि दोघंही एका सुरात ओरडतायत. आम्ही तिघं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. काका पॅनेल उघडून तारा तपासतोय, एकेक, शांतपणे, त्याची रीतच तशी, आधी दोष सापडला पाहिजे मग हात लावायचा. दारात ही गर्दी. सेक्रेटरी, वॉचमन, बाईचा नवरा. नवरा म्हणतोय, "अहो किती वेळ, तिला गुदमरायला होतं." सेक्रेटरी म्हणतोय, "तुमच्यात मोठे कोण आहेत? मोठ्यांना करू द्या की." आणि बाबांनी... मला अजून दिसतं ते... बाबांनी काकाच्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाले, "सरक बाजूला. तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

ब्रेक सैल केला, चाक हाताने फिरवलं, लिफ्ट मजल्याला लागली, बाई बाहेर, कुत्रं बाहेर, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका तसाच उभा होता, बोटं अजून पान्याभोवती असल्यासारखी वाकलेली. कानावरचे केस पिकलेत हो त्याचे. कॉलेजातला पोरगा नाही तो. मग तो जिन्याने उतरला. लिफ्ट चालू झालेली असताना, जिन्याने.

बास. तिथून बोलणं बंद.

आता आमच्या घरात बोलणं बंद होतं म्हणजे भांडण होत नाही, समजलं ना? भांडण झालं असतं तर बरं. भांडी आपटली असती, आई मध्ये पडली असती, काकू रडली असती, जेवणापर्यंत मिटलं असतं. इथे सगळे गोड. काका जन्मापासून बाबांना 'दादा, तू' म्हणत आला, तो एकदम 'तुम्ही'वर गेला. आणि तेसुद्धा थेट नाही, माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना म्हणावं, तेलाचा डबा तुमच्याकडे राहिलाय." बाबा अलीकडून, "तुझ्या काकाला म्हणावं, घेऊन जा." आणि मी मध्ये. प्लायवूडला तरी दोन बाजू असतात, मला एकही नाही.

अशात एका सकाळी बाबा खुर्चीत बसले, कॉम्प्युटर लावला, नि समोर काय? 'तुमचे सत्र संपले आहे. साइन इन करण्याची पद्धत निवडा.'

बाबांनी चष्मा पुसला. मला म्हणाले, "हे काय मागतंय?" मी म्हटलं, "बाबा, आत कसं यायचं ते विचारतंय." "आत कसं यायचं म्हणजे? दारातून आलो ना मी." मी म्हटलं, "तसं नाही, पद्धत निवडा." तर पहिली पद्धत, मेल आणि पासवर्ड. पासवर्ड बाबांना पाठ, काकाने सोपा ठेवलेला. टाकला. तर म्हणे, शाबास, आता तुमच्या मोबाइलवर आलेला सहा अंकी आकडा टाका. मोबाइल कुणाचा? काकाचा. बाबा म्हणाले, "दुसरी बघ." दुसरी पद्धत, मोबाइल नंबरने. आकडा कुठे? काकाकडे. "तिसरी." तिसरी, पडद्यावर तो काळ्यापांढऱ्या मुंग्यांचा चौकोन येतो, त्याला मोबाइल दाखवायचा. कुणाचा दाखवायचा? ज्याच्यात हा फोन आधीच चालू आहे त्याचा. म्हणजे काकाचा. "चौथी." चौथी म्हणाली, मेलवर एक दुवा पाठवते. मेलची किल्ली काकाकडे. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, तुम्हाला सांगतो. जिकडून जावं तिकडे काका उभा.

मग शेवटची पद्धत उरली, 'तुमच्या संस्थेच्या नावाने'. बाबा खूश. म्हणाले, "हे बरं आहे, नाव तर आपलंच आहे." एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पाटीवरचं पूर्ण नाव लिहिलं. 'आणि बंधू'सकट. बटण दाबलं.

'या नावाची कोणतीही संस्था अस्तित्वात नाही.'

मला हसू आलं होतं, खरं सांगतो. बाबांकडे बघितलं नि गिळलं. ते कितीतरी वेळ ते वाक्य वाचत होते. एवढं काय लांबलचक नाही ते वाक्य.

तेवढ्यात कुणाची तरी लिफ्ट अडकली असणार, ते फोन करत असणार, नि आमचा फोन आत कोंडलेला. काहीतरी करायला हवं होतं. बाबांनी पहिली पद्धत परत निवडली, पासवर्ड टाकला, पलीकडे काकाच्या खिशात टिंग वाजलं. ते आम्हाला ऐकू आलं. बाबा प्लायवूडकडे बघत मला म्हणाले, "तुझ्या काकाला म्हणावं, आकडा आलाय."

मी उठलो, दार, बोळ, दार. "काका, आकडा आलाय म्हणतात."

"मला ऐकू आलं."

"मग सांग ना."

"तुझ्या बाबांना म्हणावं, आधी कागद घ्या."

दार, बोळ, दार. "बाबा, कागद घ्या म्हणतोय."

"मलापण ऐकू आलं. कागद आहे म्हणावं."

दार, बोळ, दार... आणि तो आकडा फक्त मिनिटभर जगतो हो. मी काकाकडून घेऊन येईतो मेला. दुसरा मागवला. तो मी धावत आणला, पण धावताना शेवटचे दोन सांडले. तिसरा मागवला. माझी जीभ बाहेर आलेली. तेव्हा काका वैतागला, नि तिथूनच, भिंतीशी बोलल्यासारखा, म्हणाला, "चार. आठ. एक. एक. सात. तीन."

बाबांनी पेन उचललं.

बाबा म्हणाले, "परत."

"चार आठ, एक एक, सात तीन."

"एक एक म्हणजे अकरा ना?"

"अकराच."

"मग अकरा म्हण की सरळ."

"अकरा."

आणि पडदा उघडला, पुन्हा स्वागत आहे वगैरे, फोन वाजायला लागला. मी बोळात उभा. मला कळेना काय झालं. म्हणजे, हे दोघं बोलले? इतक्या दिवसांनी? अकरावर?

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या पोराने अशा वेळी काय करावं? अभ्यास? मी काय केलं, दुसऱ्या दिवशी बाबा हात धुवायला गेले तेवढ्यात टेबलाशी गेलो, वर कोपऱ्यात गोल चकती असते तिच्यावर टिचकी मारली, 'बाहेर पडा' दाबलं, नि जागेवर येऊन साळसूद चेहरा करून बसलो. बाबा आले. "अरे, परत पद्धत निवडा आलं." मी म्हटलं, "अरेरे." पलीकडे टिंग. बाबांनी घसा खाकरला. "आकडा." काका म्हणाला, "दोन शून्य, पाच पाच, नऊ सहा."

मग काय, रोजचंच झालं. भोंगे नि मिशा सोडून दिल्या मी, हा एकच धंदा. कधी सकाळी, कधी जेवणानंतर, बाबा शिंकले तरी तेवढ्यात मी टिचकी मारायचो. आणि गाडी हळूहळू पुढे सरकत होती हो. आधी नुसता आकडा. मग बाबांचं 'हं, गेलो आत'. मग एकदा काका आकडा सांगता सांगता थांबला नि म्हणाला, "खोकला गेला नाही का अजून?" बाबा म्हणाले, "पुढचा आकडा सांग." पण आवाज असा नव्हता. मऊ होता. आणि एकदा तर काकाने मुद्दाम सांगितलं, "शेवटचा अंक विसरलो बुवा." बाबा म्हणाले, "लहानपणापासून असाच आहेस." आणि काका म्हणाला, "असू दे, दादा, तू घाई करू नकोस, आठ आहे."

'तू' म्हणाला. मी प्लायवूडला मुका द्यायचा तेवढा बाकी होता.

मी काकूला जाऊन सांगितलं, आईला सांगितलं, की बघा, तुमच्या उपासतापासांनी झालं नाही ते मी एका टिचकीत करतोय. आई म्हणाली, "तू टेबलापासून लांब राहा, काहीतरी मोडशील." पण त्या दिवशी ताटात तिने मला जास्तीचं वाढलं.

आणि मग एक दिवस मला बाबांनी बाहेर पाठवलं, वायरचं बंडल आणायला. दुकान बंद होतं, लवकर परत आलो. बोळात आलो तर आतून बाबांचा आवाज, "अरे, याने परत बाहेर फेकलं मला." मी जागच्या जागी थांबलो. मी तर काही केलंच नव्हतं. दार जरासं उघडं होतं. काकाने आकडा सांगितला, बाबा आत गेले, पडदा उघडला. आणि थोड्या वेळाने... तुम्हाला सांगतो, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं... बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा वर केला, ती गोल चकती शोधली, नि एका बोटाने, अगदी जपून, 'बाहेर पडा' दाबलं. मग मोठ्याने म्हणाले, "काय कटकट आहे बुवा, परत पद्धत निवडा आलं."

असा वाईट अभिनय मी आयुष्यात पाहिला नाही. आणि मी समजत होतो घरात लबाड मी एकटाच.

मी तसाच काकाच्या खोलीत गेलो, हसू दाबत, त्याच्या कानात सांगितलं, "काका, बाबा स्वतः दाबतात." मला वाटलं तो उडेल. तो म्हणाला, "माहितेय. कुणी बाहेर पडलं की मला मेसेज येतो, वेळेसकट. तू हात धुवायच्या वेळी दाबतोस, तो इतर वेळी दाबतो."

"मग बोलला का नाहीस?"

काका मोबाइल हातात फिरवत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, म्हणजे प्लायवूडपलीकडे जाणार नाही इतक्या हळू, तिथे तेवढं हळू बोलणं सोपं नाही, "मला वाटलं, आज ना उद्या दुसरं काहीतरी मागेल. रोज आकडाच मागतो रे. एकदा नुसतं म्हणाला असता, चल, त्या इमारतीत जाऊ, तू बघ पॅनेल. मी गेलो असतो. धावत गेलो असतो."

मी म्हटलं, "मग तू म्हण."

"मी काय म्हणू? पाना माझ्या हातातून गेलाय."

मला सगळ्या पद्धती माहीत होत्या, मेलची, मोबाइलची, मुंग्यांची. ही पद्धत कुठल्याच पडद्यावर येत नव्हती.

मी बाबांकडेही गेलो हो. म्हटलं, "बाबा, काकाला जरा हाक मारा ना. आकड्याशिवाय." बाबा म्हणाले, "रोज बोलतोय की मी त्याच्याशी." मी म्हटलं, "अहो, ते बोलणं नाही." बाबा म्हणाले, "मग काय आहे?" आणि त्यांना खरंच वाटत होतं तसं. त्यांच्या मते ते रोज माफी मागत होते. सहा अंकी.

त्यानंतर काकाने दुसऱ्या शहरात काम धरलं. मोठी कंपनी, तिथे पॅनेल तपासायला माणूस वेगळा, पाना धरायला वेगळा, कुणी कुणाच्या हातातून काढून घेत नाही. काकू सामान बांधत होती, आई तिला मदत करत होती, दोघी एकमेकींना म्हणत होत्या की वर्षभरात येतील परत, नि दोघीही खोकी मात्र पक्की बांधत होत्या. बाबा त्या सकाळी एका लिफ्टला तेल द्यायला गेले. त्या लिफ्टला आदल्याच आठवड्यात तेल दिलं होतं. मीच डबा धरला होता.

काका ऑफिसात आला. स्वतःच्या खोलीतून तारा तपासायचा मीटर घेतला, तिथल्या आरशावर मी कधीतरी काढलेली मिशी बोटाने पुसली, मग अलीकडे आला नि बाबांच्या खुर्चीत बसला. पडद्यावर तेच, पद्धत निवडा. बाबा जायच्या आधी दाबून गेले होते. काकाने पासवर्ड टाकला, खिशात टिंग वाजलं, आकडा टाकला. मग खाली एक बारकी चौकट असते, 'हा संगणक लक्षात ठेवा, पुन्हा विचारू नका', तिच्यात बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, "काका, ते नको करूस."

"का?"

"अरे, मग बाबांना आकडा लागणारच नाही."

"म्हणूनच. मी तिकडे मशीनच्या खोलीत असेन, मोबाइलला रेंज नसेल, हा इथे अडकून बसेल. दादाला उगाच त्रास नको."

माझ्या डोक्यावर टपली मारली नि गेला. निघताना पाटीकडे बघेल असं मला वाटलं होतं. नाही बघितलं. गाडीवाला घाई करत होता.

बाबा दुपारी आले. हात तेलाने माखलेले, तेल द्यायची गरज नसताना. खुर्चीत बसले. पलीकडे शांत. फोन चालू होता, वाजत होता, त्यांनी दोन-तीन उचलले, नीट बोलले. मग चष्मा वर केला, गोल चकती शोधली, 'बाहेर पडा' दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला, नि आपोआप परत उघडला. 'पुन्हा स्वागत आहे.'

बाबांनी परत दाबलं. 'पुन्हा स्वागत आहे.'

परत दाबलं. 'पुन्हा स्वागत आहे.' पद्धतच विचारेना हो. ज्याने आजवर दारात अडवून अडवून जीव खाल्ला, तो आता हाताला धरून आत ओढत होता. बाबा बाहेर, तो आत. बाबा बाहेर, तो आत. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे विचारत का नाही रे?"

मी म्हटलं, "आता ओळखतं ते तुम्हाला. काकाने करून ठेवलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"काढता येतं का ते?"

"येतं. 'हा संगणक विसरा' म्हणून आहे आत."

"मग काढ."

मी गेलो आत, सेटिंग शोधली, 'विसरा'वर टिचकी मारली. मागितलंच त्याने. सहा अंकी. मी म्हटलं, "बाबा, यालापण आकडा लागतो."

त्यांनी विचारलं नाही कुठे येतो म्हणून. मी त्यांचा मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला, काकाचा नंबर लावून, नुसतं हिरवं बटण दाबायचं होतं. म्हटलं, "विचारा की. आकडाच तर विचारायचाय."

बाबांनी मोबाइल धरला. अंगठा बटणावर ठेवला. समोर तो मिनिटभराचा काटा पळत होता, पन्नास, चाळीस, तीस. तिकडे काकाच्या खिशात टिंग वाजलं असणार. त्याला कळलं असणार. त्याला नेहमीच कळायचं. आकडा मेला. बाबांनी मोबाइल पालथा घालून टेबलावर ठेवला, नि मला म्हणाले, "राहू दे. प्रवासात असेल. त्याला उगाच कशाला त्रास."

तुम्हाला सांगतो, फोन आता मस्त चालतो. कुणाला काही विचारत नाही, कधी बाहेर फेकत नाही. आणि मी दिवसभर बसून एकच विचार करतो, की एकमेकांना त्रास न देणारे इतके समजूतदार भाऊ... देव करो, कुणाच्या घरात जन्माला न येवोत.